खरी जावा कुणाची?

परवा भाचीचा फोन आला. "मामा, तो मोटारसायकलींचा मेळावा कसा झाला ते लिहिणार होतास ना?" होतो, खरं आहे. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. पहिल्यांदा फार गोड झालं, दुसऱ्यांदा फार कडू. ही तिसरी खेप. हीसुद्धा कडूच होणार, तेव्हा गोडाची सवय असलेल्या मंडळींनी आत्ताच उठून चहा टाकावा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. २०२५ च्या गुढीपाडव्याला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मी जावा ४२ घेतली. घरात रामायण झालं. चिरंजीव पुण्याहून म्हणाले, "बाबा, या वयात लोक गुडघे बदलतात, तुम्ही गाडी बदलताय." हिने तीन दिवस अबोला धरला. लायसन्स मात्र चालू होतं. पंचावन्न ओलांडली की ते पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, ते सगळं मी वेळेवर करत आलो आहे. गाडी बुटकी आहे, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात, किक मारायला लागत नाही. म्हाताऱ्याला आणखी काय हवं?

पण खरं कारण ते नव्हे. १९७४ साली मी शाळेत लागलो तेव्हा माझ्याकडे सायकल होती आणि तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यातून आधी हीच गाडी जावा म्हणून निघायची. १९७३ पासून तिच्यावर येझदी हे नाव आलं, पण लोक जावाच म्हणत. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि गिअरचा पायदंड होता तोच आत दाबून वर फिरवला की त्याची किक व्हायची. हा चमत्कार बघायला पोरं शाळा सोडून पळत. डॉक्टरांनी मला एकदा पावसातून घरापर्यंत मागे बसवून नेलं होतं. तो आवाज कानात राहिला. पगार काही कानात राहिलेल्या आवाजाएवढा वाढला नाही. पुढे एम-८० घेतली, दूधवाल्यांची म्हणून जिला हिणवतात ती. २०१० साली निवृत्त होईपर्यंत तिने कधी तक्रार केली नाही.

असो. तर जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा सण. त्या दिवशी गावोगावी या गाड्यांचे मालक एकत्र जमतात, गाड्या मांडून ठेवतात, मिरवणुकीने एक चक्कर मारतात, जेवतात आणि पांगतात. २०२५ साली तो रविवार १३ जुलैला आला. आषाढी होऊन आठवडा झाला होता. साताऱ्याहून दोन तासांवरच्या एका शहरात मेळावा आहे असं शोरूममधल्या मुलाने सांगितलं आणि मी नाव नोंदवलं. शहराचं आणि मंडळाचं नाव इथे घेत नाही. माझं भांडण त्या चार-सहा पोरांशी नाही, एका खोडीशी आहे, आणि ती खोड आपल्या सगळ्यांना आहे.

पहाटे साडेपाचला निघालो. पावसाची झड होती. महामार्गावर मागून एकाच्या पाठोपाठ एक अशा सात जुन्या जावा आल्या, निळसर धूर सोडत, तोच तो आवाज करत. पुढे जाताना प्रत्येकाने हात वर केला. मला, एका अनोळखी म्हाताऱ्याला! खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटच्या काचेमुळे कुणाला दिसलं नाही एवढंच. गोड लेख लिहिला होता तो इथपर्यंतचा.

मेळावा एका मंगल कार्यालयाच्या आवारात होता. फाटकावर टेबल, दोन याद्या, आणि दोन रंगांच्या फिती. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना लाल फीत, त्या पुढच्या मांडवात. २०१८ साली नव्या कंपनीने बाजारात आणलेल्या फोर-स्ट्रोक जावा आणि २०२२ पासूनच्या नव्या येझदी यांना निळी फीत, त्या मागच्या पटांगणात. पटांगणात घोटाभर चिखल. "काका, तुमची नवीन आहे ना? मग मागे." मी गाडी मागे लावली. मनात म्हटलं, बरोबरच आहे, साठ वर्षांची गाडी पावसात कशाला भिजवायची? मांडव तिलाच हवा.

मग ध्वनिक्षेपकावरून आवाज आला: "खऱ्या जावा पुढे घ्या, बाकीच्यांनी मागे थांबा."

आता आली ना गंमत! पाऊस आणि मांडवाचा प्रश्न संपला, खऱ्या-खोट्याचा सुरू झाला. माझ्या शेजारी एक तरुण उभा होता, लाल फीतवाला. चांगला मुलगा, त्याने मला आपल्या थर्मासमधला चहा दिला. चहा देता देता म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण ही काही खरी जावा नाही. नुसतं नाव घेतलंय." मी मास्तर माणूस. विचारलं, "मग खरी कुठली?" तो म्हणाला, "टू-स्ट्रोक. म्हैसूरची."

तिथे मी गप्प बसलो, पण इथे बसणार नाही.

जावा हे नावच मुळात जोडकाम आहे. प्राग शहरात शस्त्रांचा कारखाना चालवणारे जानेचेक यांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. जानेचेकचं 'जा' आणि वाँडररचं 'वा', झाली जावा. म्हणजे पहिली जावा दुसऱ्याच्या आराखड्यावरची. मग म्हैसूरला इराणी मंडळींनी १९६० च्या सुमारास कारखाना काढला तो चेकोस्लोव्हाकियाच्या परवानगीने. त्या काळी कुणाकडे बाहेरून आलेली गाडी असेल तर तो म्हैसूरच्या गाडीकडे बघून काय म्हणत असेल? हेच, की ही काही खरी नाही. मग १९७३ ला येझदी आली, जावावाल्यांनी नाक मुरडलं असेल. १९७८ ला रोडकिंग आली, साध्या येझदीवाल्यांनी मुरडलं असेल. आता आमच्या निळ्या फीतवाल्यांची पाळी, आणि मी पैजेवर सांगतो, उद्या विजेवर चालणारी जावा आली तर आम्ही निळी फीत सावरून म्हणू, "ही काही खरी नाही बरं का."

ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे चार माणसं एका कारणाने जमली की तिथे पहिली पंगत आणि शेवटची पंगत ठरतेच. मोटारसायकल ही तर लोखंडाची वस्तू. तिला ना गोत्र ना कूळ. तरी आपण तिला सोवळं नेसवलंच.

इथवर असतं तर मी हा लेख लिहिला नसता. माझ्या गाडीला चिखल लागला, धुतला, गेला. निळी फीत अजून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. (हिने तिथे कापसाची पिशवी लावायचा निश्चय केला आहे, तो भाग वेगळा.) मला सांगायचंय ते फाटकाबाहेरचं.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, टपरीच्या पत्र्याखाली एक गृहस्थ बसले होते. साठी उलटलेली, खाकी शर्ट, मांडीवर रेक्झिनची जुनी पिशवी. बाजूला त्यांची साधी शंभर सीसीची गाडी. मी चहाला म्हणून बाहेर आलो तर आतून दोघं जण एक मरून रंगाची जावा ढकलत बाहेर आणत होते. अप्रतिम गाडी! टाकीवर क्रोम असं चकाकत होतं की त्यात पाऊस दिसावा. मालकाचा चेहरा मात्र पडलेला. सकाळी घरून आली ती चालू होती, आता मिरवणुकीच्या वेळेला ढिम्म.

ते गृहस्थ उठले. काही विचारलं नाही. प्लग काढला, इंजिनाला टेकवला, एकाला किक मारायला लावली. ठिणगी पडत होती, पण मेल्यासारखी. मग बाजूचं झाकण उघडून पॉइंटजवळ डोकं नेलं, पुन्हा किक मारायला सांगितली. पॉइंटवर भसाभस ठिणग्या उडत होत्या. "कंडेन्सर गेलाय," एवढंच बोलले. पिशवीतून एक काड्यापेटी काढली, तिच्यात कापसात ठेवलेला कंडेन्सर होता. बसवला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, हाताच्या अंदाजाने फट बघितली. तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. मालक "थँक्यू मिस्त्री" म्हणून गाडीवर बसून आत गेला, कारण आत नाव पुकारत होते. पैशाचं म्हणाल तर ते विचारायचं राहून गेलं, त्याच्याकडून आणि मिस्त्रींकडूनही.

मी विचारलं, "तुम्ही आत नाही आलात?"

"आपली गाडी दुसऱ्या कंपनीची हाय. आत फक्त जावा-येझदी."

"अहो पण गाडी बाहेर ठेवून तुम्ही तर आत येऊ शकता."

"फीत लागती," ते म्हणाले. "फीत मालकाला. आन् हितं बरं हाय गुरुजी. कुणाची बंद पडली तर हाक मारत्यात." (मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. सगळ्यांना कळतं.)

हळूहळू बोलते झाले. लाल फीतवाल्या गाड्यांपैकी निम्म्या तरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतर कंपनीचा सुटा भाग मिळणं संपलं. मग या गाड्या जगल्या कशा? कुणी पिस्टन नव्याने करून घेतलं, कुणी भंगारातल्या गाडीचा क्रँक सोडवून दुसरीला बसवला, कुणाचं क्रोम कोल्हापुरातून चढवून आलं. सायलेन्सरमधला काजळीचा थर जाळून काढायचा, गिअरचा खाल्लेला दात भरून लेथवर पुन्हा उतरवायचा, वायरिंग तर सगळं नवंच ओढायचं. ही कामं कुणी केली? गल्लीबोळातल्या अशा माणसांनी, ज्यांच्याकडे कंपनीचं पुस्तक नव्हतं आणि पुढे कंपनीही नव्हती. १९९६ ते २०१८ ही बावीस वर्षं जावा या नावाचा भारतात कारखाना नव्हता, शोरूम नव्हतं, जाहिरात नव्हती. होते ते मिस्त्री, आणि त्यांच्याकडे गाडी आणून टाकणारे थोडे हट्टी मालक.

म्हणून म्हणतो, 'ओरिजिनल' हा शब्द त्या मांडवात मला ऐकवेना. सर्वांत ओरिजिनल गाडीला बक्षीस होतं. ते मिळालं त्या मरून गाडीला. ओरिजिनल! अर्ध्या तासापूर्वी तिच्या पोटात काड्यापेटीतला कंडेन्सर बसलेला मी डोळ्यांनी बघितला होता. मालकाने भाषण केलं. वडिलांचे आभार मानले, ते योग्यच, गाडी वडिलांची होती. जावाचे आभार मानले. मंडळाचे आणि 'ब्रदरहुड'चे मानले. "आमच्या रक्तात टू-टी ऑइल वाहतं" असं म्हणाला, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फाटकाबाहेरच्या माणसाचं नाव काही आलं नाही. ध्वनिक्षेपक मोठा होता, त्यामुळे नाव आलं नाही हे त्या माणसालाही ऐकू गेलं असणार.

मी व्यवस्थापकांपैकी एकाला गाठलं. म्हटलं, मिस्त्रींना आत बोलवा, निदान जेवायला. त्याला माझं म्हणणं पटलं नाही असं नाही. "काका, खरंय तुमचं. पण एकाला घेतलं की सगळे येतात. ताटं मोजून सांगितलीत. पुढच्या वर्षी बघू." ताटं मोजून! मी माझं कूपन घेऊन बाहेर गेलो तोवर मिस्त्री निघून गेले होते. टपरीवाला म्हणाला, कुणाची तरी गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली म्हणून फोन आला होता.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील (आणि माझे धाकटे बंधू तर नक्की फोन करून म्हणतील), "दादा, मालकांचा मेळावा आहे, मालक येणार. यात एवढं तापायचं काय? क्रिकेटच्या सामन्यात खेळपट्टी करणाऱ्याला कुणी चषक देतं का?"

माझं म्हणणं असं. मालकांचा मेळावा म्हणून बोलवा, माझी काही हरकत नाही. मालकी साजरी करा, पेढे वाटा. पण मग फलकावर 'परिवार' लिहू नका. भाषणात बंधुभाव आणू नका. परिवार म्हटलंत की घरातल्या माणसांची मोजणी करावी लागते, आणि तिथे पैसे देऊन वस्तू घेणारा आत आणि ती वस्तू जगवणारा बाहेर हा हिशेब कुठल्याच घरात चालत नाही. मी त्या दिवशी चार महिन्यांचा जावावाला होतो. पैसे भरले, किल्ली घेतली, झालो भाऊ. त्या माणसाने आयुष्य त्या इंजिनांत घातलं, आणि तो भाऊ नाही कारण त्याच्या नावावर आरसी नाही. ब्रँडची निष्ठा म्हणून जे आपण मिरवतो ते बऱ्याचदा पावतीचं कौतुक असतं. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला हे लिहिताना त्रास होतो, पण आहे ते असं आहे.

त्या मुलांना दुष्ट ठरवायचा माझा विचार नाही. त्यातल्या बहुतेकांनी आपल्या पगारातून, बायकोची बोलणी खाऊन, मरणाला टेकलेल्या गाड्या उभ्या केल्या आहेत. महामार्गावर मला हात करणारे तेच. मिरवणुकीतही नवख्यांना मध्ये घेऊन, मागे एक जाणता ठेवून, नीट सांभाळून नेलं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला दोनदा थांबून "काका, ठीक ना?" विचारलं. माणसं चांगली आहेत म्हणूनच बोलतो आहे. वाईट माणसांना काय सांगायचं?

आणि हे सांगायचा मला कितपत अधिकार आहे तेही सांगून टाकतो. परतीच्या वाटेवर, पाऊस थांबला होता, गाडी एका लयीत चालली होती, तेव्हा मला आमच्या शाळेचे शिपाई आठवले. एकतीस वर्षं घंटा दिली त्यांनी. छपराची कौलं फिरवली, आजारी पोरं सायकलवरून घरी पोचवली, परीक्षेच्या वेळी रात्री कार्यालयात झोपले. २००८ साली शाळेने माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा घेतला. व्यासपीठावर आम्ही अकरा शिक्षक बसलो होतो, शाल, श्रीफळ, सगळं. खुर्च्यांची यादी मी केली होती. माझ्या अक्षरात. बारावी खुर्ची व्यासपीठावर मावत होती, मला आजही ती जागा दिसते. ते खाली पाण्याच्या पिंपाशी उभे होते आणि पोरांना पाणी देत होते, आणि आम्हा सगळ्यांना ते इतकं स्वाभाविक वाटलं की कुणाच्या मनात आलंसुद्धा नाही. 'माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, शिक्षक व्यासपीठावर असणार' असं कुणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं. पुढच्या वर्षी बघू, हेही म्हटलं असतं. पुढच्या वर्षी ते गेले.

म्हणून दोनदा लेख खोडला.

मंडळाला मी पत्र लिहिलं आहे, साधं, पोस्टाने. तीन गोष्टी मागितल्या आहेत. फिती एका रंगाच्या करा, मांडव जुन्या गाड्यांना द्या पण 'खऱ्या' म्हणू नका. बक्षीस देताना गाडीच्या मालकाबरोबर ती नीट ठेवणाऱ्या मिस्त्रीचं नाव पुकारा, अर्जातच एक रकाना वाढवा. आणि पंचक्रोशीतल्या जावाच्या मिस्त्रींना, ते कुठल्याही गाडीवर येवोत नाहीतर एसटीने, जेवायला बोलवा. ताटांचा खर्च माझ्या पेन्शनीतून द्यायची तयारी आहे असंही लिहिलं, मग ते वाक्य काढून टाकलं. त्यांना परवडतं. टी-शर्टवर त्याहून जास्त गेले असतील.

उत्तर अजून आलेलं नाही.

मिस्त्रींचा ठावठिकाणा टपरीवाल्याकडून घेतला होता. दिवाळीनंतर एकदा जाऊन आलो. दुकान म्हणजे दहा बाय बारा, बाहेर तीन येझदी उघड्या पडलेल्या. माझ्या गाडीभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या, पाणी घालून थंड होणारं इंजिन आहे म्हटल्यावर वाकून रेडिएटर बघितला आणि म्हणाले, "बरी हाय की." मी विचारलं, चालवून बघता? त्यांनी हात पुसले, बसले, आणि चौकापर्यंत जाऊन येतो म्हणून गेले ते अर्ध्या तासाने आले. कुठवर गेला होतात विचारलं तर नुसते हसले.

पुढच्या मेळाव्याला जायचं आमचं दोघांचं ठरलं आहे. गाडी एकच, निळ्या फितीची. चालवणार ते, मागे मी. फाटकावर फीत कुणाच्या हाताला बांधायची ते त्या पोरांनी ठरवावं. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग दुसरं हेल्मेट आणा आधी, माझं देणार नाही." तेव्हा उद्या बाजारात जायचं आहे.